जोडीतला दुसरा दगड

पुण्याहून आलेलं ते पत्र नरहरी चुरी गुरुजींनी इतक्या वेळा उघडलं आणि मिटलं, की घडीवरचा कागद फाटायला आला. पत्रात वाईट काही नव्हतं. उलट कौतुकच होतं. देवधरबाई म्हणून कुणी प्राचीन काळच्या उभ्या दगडांचा अभ्यास करत होत्या. त्यांना कुठल्याशा ग्रंथालयात गुरुजींच्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक सापडला होता, आणि त्या अंकात गुरुजींनी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला 'मासवण परिसरातील उभ्या दगडांची जोडी' हा दीड पानी लेख. एकेकटा दगड पुष्कळ ठिकाणी मिळतो, असं बाईंनी लिहिलं होतं, पण जोडी या भागात दुसऱ्या कुणीच नोंदलेली नाही. तेव्हा माझ्या पुस्तकातलं एक सबंध प्रकरण या जोडीवर असेल आणि ते अर्थातच तुमच्या नावाचा उल्लेख करून. मार्चात येते, जागा आपणच दाखवावी.

एवढं वाचून दुसरा एखादा निवृत्त मास्तर पत्र हातात घेऊन पालघरजवळच्या माहीमच्या सगळ्या आळ्या फिरला असता. गुरुजींनी पत्र पाकिटात घातलं, पाकीट पंचांगात घातलं आणि ते वाडीतल्या केळींना पाणी सोडायला निघून गेले. कारण जोडी नव्हतीच. दगड एकच होता. हे गुरुजींना ठाऊक होतं आणि त्यांच्या बायकोला, शालूताईंना. तिसऱ्या कुणाला ठाऊक नसावं, अशी आपली गुरुजींची समजूत होती.

झालं होतं असं. त्रेसष्ट साली शाळेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रत्येक मास्तराकडून अंकासाठी काहीतरी लिहून मागितलं. बाकीच्यांनी घरी बसून कविता केल्या. गुरुजी तेहतीस वर्षांचे, अंगात रग होती, इतिहासाचं वेड होतं. मासवणच्या पुढे नदीपल्याड एक जुनापुराणा उभा दगड आहे, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. मार्चातल्या एका रविवारी नव्या चपला घालून ते निघाले. नव्या चपला घालून अशा कामाला निघू नये, एवढी अक्कल त्या वयात नसते. नदीच्या काठाशी पोचेपर्यंत उजव्या टाचेला फोड आला आणि तिथेच फुटला. वर ऊन मी म्हणत होतं. गुरुजी अलीकडच्या काठावर जांभळीखाली बसले आणि पलीकडच्या चढावर बघतात तो एक सोडून दोन दगड. एक मोठा आणि त्याच्या डाव्या अंगाला जरासा बुटका, काळा. मोठा सात फूट, बुटका सहा फूट, असा नजरेनं अंदाज घेऊन त्यांनी वहीत मापं टाकली आणि लंगडत जाऊन परतीची एसटी धरली. लेखात 'समक्ष पाहिले' असं लिहिलं. समक्षच की. नदी तेवढी मधे होती.

अंक छापून आला, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. त्याच पावसाळ्यात गुरुजी मनोरला एका सोयऱ्याच्या बाराव्याला चालले होते. मासवण सोडल्यावर रस्ता नदीच्या अंगाला येतो, तिथे त्यांनी मोठ्या हौसेनं एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढली. पलीकडच्या चढावर मोठा दगड पावसात भिजत उभा होता. बुटक्याला पालवी फुटली होती.

ते ऐनाचं झाड होतं. भातरोपाची जमीन भाजायला, म्हणजे राबाला, या भागात ऐनाच्या सगळ्या फांद्या छाटून नेतात. मार्चात नुसता सोट उभा राहतो आणि भाजावळीच्या धगीनं तोही काळा पडतो. लहानपणापासून असे हजार ऐन गुरुजींनी पाहिले होते. तरी नदीपल्याडून त्यांना तो दगड दिसला, कारण त्यांना आणखी तीन-चारशे पावलं चालायचा कंटाळा आला होता. गुरुजींनी मान आत घेतली ती मनोर येईपर्यंत बाहेर काढली नाही.

"एक कार्ड टाका ना," शालूताई या वेळीही म्हणाल्या. "लिहा, माझी चूक झाली होती म्हणून. कोण फाशी देणार आहे तुम्हाला?"

गुरुजींनी तीन कार्डं लिहिली आणि तिन्ही फाडली. अडतीस वर्षं मुलांना त्यांनी एकच गोष्ट घोकून घोकून सांगितली होती, की पाहिल्याशिवाय लिहू नये. त्या लेखानंतर किल्ले, बारवा, बंदरं, जुनी देवळं यांच्यावर त्यांनी तीसेक लेख लिहिले आणि प्रत्येक जागी ते पायांनी गेले, हातांनी दगड चाचपून आले. एका दगडाचं प्रायश्चित्त त्यांनी हजार दगडांपाशी घेतलं होतं. आता उतारवयात त्या सगळ्यावर पाणी पडायचं, या भीतीनं त्यांची झोप उडाली. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, की बाईंना सांगायचं, दुसरा दगड होता, मधल्या काळात कुणी नेला असेल. हे उत्तर त्यांनी पूर्वी एकदा दिलं होतं आणि ते खपलंही होतं.

देवधरबाई पालघरच्या एसटी स्टँडवर वेळेआधीच येऊन थांबल्या होत्या. चाळिशीच्या, काटक, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, गळ्यात कॅमेरा. त्यांनी गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि गुरुजींना जास्तच थकल्यासारखं झालं. मनोरच्या गाडीत बाई अखंड बोलत होत्या. जोडी का उभारत असतील, एक पुरुष आणि एक बाई मानत असतील का, सूर्य मधून उगवत असेल का. गुरुजी "असेल, असेल" म्हणत खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसले होते.

बाईंनी कंडक्टरला दगडाबद्दल विचारलं, तेव्हा पुढच्या सीटवरचा एक तरुण वळला. अंगात खाकी शर्ट, डोळे तांबारलेले. बोईसरच्या कुठल्याशा कारखान्यातली रात्रपाळी करून घरी चालला होता.

"आमच्याच वावरात हाय," तो म्हणाला. "माज्यासंगं चला. सुका माजा नाव."

वावरात दगड किती आहेत, हे विचारायचा गुरुजींना धीर झाला नाही.

मासवणला उतरून ते तिघं चालू लागले. सुका पुढे, बाई मधे, गुरुजी मागे. पंचवीस वर्षांत वाट रुंद झाली होती, ऊन मात्र तेच होतं. या खेपेला गुरुजींनी जुन्यात जुन्या चपला घातल्या होत्या. तरी गुडघे कुरकुरत होते आणि प्रत्येक वळणावर वाटत होतं, इथेच खाली बसावं आणि सांगून टाकावं. जांभूळ अजून जागेवर होती. तिच्याखाली येऊन गुरुजी थांबले आणि नाइलाजानं त्यांनी पलीकडे पाहिलं.

चढावर दोन उभे होते. एक मोठा आणि डाव्या अंगाला एक बुटका, काळा.

'ऐनच,' गुरुजी मनात म्हणाले. 'यंदाही छाटलाय.' फसायची त्यांची तयारी नव्हती. नदीला गुडघ्याएवढं पाणी होतं. धोतर खोचून, सुकाचा हात धरून ते पलीकडे गेले. बाई काठापासून पावलं मोजत चढू लागल्या. नकाशासाठी त्यांना अंतर हवं होतं. गुरुजी खाली मान घालून मागून चढत होते. वर पोचल्यावर बाई म्हणाल्या, "तीनशे चाळीस," आणि मग हलक्या आवाजात, "काय सुंदर आहेत हो."

गुरुजींनी मान वर केली. दोन्ही दगड होते. दुसऱ्याला त्यांनी हात लावून पाहिला. गार, खरखरीत, पक्का दगड. पायथ्याशी शेंदूर, भाताचे दाणे, वाळलेलं झेंडूचं फूल.

गुरुजींना इतकं हलकं वाटलं की ते मटकन खालीच बसले. म्हणजे दगड होता. पावसाळ्यात जो पाहिला तो ऐन दुसराच कुठला तरी, दगडाच्या पुढे आलेला असणार. पंचवीस वर्षं आपण उगाच झुरलो, उगाच बायकोची बोलणी खाल्ली. त्यांना एकदम भूक लागली. घरून आणलेले केळ्याचे काप त्यांनी पिशवीतून काढले, सुकाला दिले, बाईंना दिले, आणि ते बडबडू लागले. नव्या चपलेची गोष्टसुद्धा त्यांनी सांगितली, फक्त नदीच्या अलीकडे थांबल्याचं तेवढं गाळलं.

बाईंनी टेप काढला. सुकानं दुसरं टोक धरलं. मोठा दगड सात फूट चार इंच भरला.

"तुम्ही सात लिहिलंत. काही हरकत नाही," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्याकडे वळल्या. त्यांनी दोनदा मोजलं. "आणि हा सहा फूट. बरोब्बर सहा, बोटभर कमी नाही की जास्त नाही. गुरुजी, तुमचं माप म्हणजे माप हं."

गुरुजींच्या तोंडातला काप तोंडातच राहिला. नदीपल्याडून, टाच ठणकत असताना, नजरेनं टाकलेलं माप. मोठ्याचं चार इंच चुकलं ते ठीक होतं, तेवढं चुकायलाच हवं. या दुसऱ्याचं चुकलं कसं नाही? ते उठले आणि दुसऱ्या दगडाभोवती फिरले. मोठ्या दगडाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत शेवाळाचे जुने चट्टे होते. याच्या अंगावर नव्हते. हा गुळगुळीत होता, नदीतल्या दगडांसारखा. मागच्या बाजूला दोन हातांवर जमिनीलगत एक खुंट होता, कुऱ्हाडीनं तोडलेल्या जुन्या झाडाचा.

बाई आणि सुका टेप धरून उताराला गेले होते. चढावरच्या खोपटातून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुकाची आई, ठमी. गुरुजींनी पाणी घेतलं, प्यायले, आणि खुंटाकडे बोट करून विचारलं, "बाय, इथं ऐन होता ना?"

म्हातारीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "व्हता. तुला कसा म्हाईत?"

"पूर्वी एकदा या बाजूला आलो होतो."

जागेवरचा ऐन आठवणारा माणूस म्हणजे तिला ओळखीतलाच वाटला असावा. ती दगडाच्या सावलीत टेकली. "यो मोटा दगड आमच्या आज्याच्या आज्यापासून हाय," ती म्हणाली. "यो दुसरा माज्या मालकानी उबा केला. जिवल्यानी. तुज्या त्या बायला नको सांगू. कोनाला सांगायचा नाय, आसा आमाला दम दिलाय."

"कुणी दिला?"

"एक मानूस आला व्हता सरकारातला, जुन्या दगडांची यादी करनारा. कोना मास्तरानी पुस्तकात लिवला व्हता का हतं दोन दगड हायत. तो मानूस बोलला, एकच दिसतो, दुसरा कोठं हाय? आमी बोललो, दुसरा नवताच कदी, यो ऐन हाय. तर तो हासला. त्याला सोन्याचा दात व्हता. बोलला, मास्तर खोटा लिवल काय? मी मास्तराच्या घरी जाऊन इचारून आलोय. मास्तर बोलला, मी डोल्यांनी पायला, कोनी नेला आसल तर म्हाईत नाय."

तांब्या गुरुजींच्या हातातच होता. सोन्याचा दात म्हटल्याबरोबर माणूस त्यांच्यासमोर उभा राहिला. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. ओटीवर बसून त्यानं चहा घेतला होता, वाडीतली वेलची केळी खाल्ली होती आणि जाताना घड बांधून नेला होता. गुरुजींनी वाक्य हेच उच्चारलं होतं, हेच शब्द. दोन मिनिटांचं काम झालं होतं आणि शालूताई आतून काही बोलायच्या आत माणूस निघून गेला होता. पुढे तो कुठे गेला, कुणाला काय बोलला, हे विचारायचं गुरुजींच्या मनात आलं नव्हतं. खरं तर आलं होतं. त्यांनीच ते दाबलं होतं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मंग काय. बोलला, तुमी फोडून खाल्ला, पाटंवरवंटं करून इकला. जिवल्याला चारदा पालघरला बोलावला. हतून चालत जायाचा, दिवसभर वरांड्यात बसायचा, सांजचा परत. कोनी काय इचारायचा नाय, नुसता बसवायचा. मंग बोलला, दगड नाय मिलाला तर वावर जाईल. आन त्यानीच कारवीची काठी मापून तोडून दिली. बोलला, पुस्तकात सा फूट हाय, येवढा वरती दिसाया पायजे."

ठमी हे सगळं न रागावता सांगत होती. दहा वेळा सांगून झालेली गोष्ट सांगावी तसं. जिवल्या आणि त्याचा भाऊ आठ दिवस नदीच्या पात्रात दगड शोधत फिरले. सापडला तो आडवा पडलेला होता. तो वर आणायला खाली घालायचे ओंडके हवेत, म्हणून त्यांनी हाच ऐन तोडला. दगडाला चऱ्हाटं बांधली, ओंडके घातले, पाड्यातली दहा माणसं लागली. निम्म्या चढावर चऱ्हाट तुटलं. बाकीचे बाजूला झाले. जिवल्या पहार लावून खालच्या अंगाला होता.

"पाय गेला," ठमी म्हणाली. "घोट्यापासून पीठ जाला. पन दगड बाकीच्यांनी उबा केला. तो मानूस आला, काठी लावली, बोलला, दोन बरोबर. कागदावर लिवला आन गेला. परत नाय आला."

जिवल्यानं त्यानंतर नांगर धरला नाही. सहा वर्षं तो या चढावर बसून होता, ढोरांवर लक्ष ठेवत. तो गेला तेव्हा पाड्यात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करायची चाल होती, पण वेगळा दगड आणला नाही. त्याच्या नावाचा दगड त्यानंच उभा करून ठेवला होता. दरसाल नवं भात आलं की पहिली मूठ मोठ्या दगडाला, दुसरी याला.

गुरुजींना रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांना फक्त फार थकवा आला.

"गुरुजी!" बाईंनी हाक मारली. त्या कॅमेरा सरसावून उभ्या होत्या. "दोन्हींच्या मधे उभे राहा बघू. पुस्तकात हाच फोटो घालणार आहे मी. शोधणारा आणि जोडी."

गुरुजी उठले. पाय आपोआप चालत गेले आणि ते दोन दगडांच्या मधे उभे राहिले. गप्प बसायचं म्हटलं तर काहीच करावं लागणार नव्हतं. म्हातारी सांगणार नव्हती, तिला दम होता. सुका सांगणार नव्हता. फोटो निघेल, पुस्तक छापून येईल, शालूताई हळू आवाजात काहीतरी बोलतील आणि संपेल. उजव्या हाताला जिवल्याचा दगड होता. गुरुजींच्या डोक्यापेक्षा थोडासा उंच.

"जरा हसा की," बाई म्हणाल्या.

"बाई, फोटो नको," गुरुजी म्हणाले. "हा दगड जुना नाही. त्र्याहत्तर साली उभा केलेला आहे. मी लेख लिहिला तेव्हा इथं झाड होतं. मी ते नदीपलीकडून पाहिलं आणि दगड म्हणून लिहिलं. वर आलोच नव्हतो."

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. "पण सहा फूट..."

"मी लिहिलं म्हणून सहा फूट. त्या मापाचा आणायला लावला या लोकांना. आणि कुणी विचारायला आला तेव्हा मी खोटं बोललो. चूक कळून दहा वर्षं झाली होती, तरी बोललो."

बाई वहीकडे पाहत होत्या. त्यांचं प्रकरण त्या वहीत होतं, निम्मंअधिक लिहून झालेलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचे बाकीचे लेख मी वापरलेत, गुरुजी. बारवांवरचा, बंदरांवरचा. त्यातलं किती पाहून लिहिलंय?"

"सगळं पाहून लिहिलंय."

"हं," बाई म्हणाल्या. तेवढंच. गुरुजींना कळलं, की यापुढे त्यांच्या प्रत्येक ओळीपाशी ही बाई 'हं' म्हणणार, आणि तिचं काही चुकणार नाही.

ठमी जवळ आली होती. "तो मास्तर तू?"

"हो."

"मंग तवा वरती का नाय आला? नदीपून हतं काय लांब हाय?"

जे होतं तेच गुरुजींनी सांगितलं. "नदीपर्यंत आलो होतो. टाचेला फोड आला होता."

"फोड," म्हातारी म्हणाली.

सुका टेप गुंडाळत होता, तो थांबला. त्यानं गुरुजींच्या पायांकडे पाहिलं, मग टेप अर्धवट गुंडाळलेला तसाच गवतावर ठेवला आणि खोपटात निघून गेला. परत बाहेर आला नाही. त्याच्या हातात दिलेले केळ्याचे काप दगडाजवळ कागदावर पडून होते.

बाईंनी पेन काढलं आणि वहीतल्या आकड्यावर रेघ मारायला घेतली. ठमीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण खोडणं तिला बरोबर कळलं. ती घाईनं पुढे झाली. "काय करते, बाय?"

"दुसरा दगड काढून टाकते. खरं ते लिहायला हवं ना?"

"नको. दोन हायत ते दोन राहूं दे. आता एक लिवशील, मंग कोनी येल, बोलल दुसरा कोनी घातला, कोनाला इचारून घातला. माज्या पोराला बोलावतील. त्याला रातपाली हाय."

"माझ्या पुस्तकामुळे कुणी येणार नाही, आजी."

"ह्या मास्तराचा बी पुस्तकच व्हता," ठमी म्हणाली.

बाईंनी पेन वहीवरून उचललं. गुरुजी इतका वेळ दोन दगडांच्या मधेच उभे होते. खरं बोलून टाकलं म्हणजे आपली बाजू तरी हलकी होईल, असं त्यांना वाटलं होतं. तेही झालं नव्हतं. पंचवीस वर्षांनी खरं बोललं तर त्याचंही ओझं याच घरावर पडत होतं. त्यांना स्वतःचा मनस्वी कंटाळा आला.

"बाई, वहीतलं एक पान द्या," ते म्हणाले. "दोन द्या."

जिवल्याच्या दगडाला पाठ टेकून ते खाली बसले, गुडघ्यावर वही घेतली आणि लिहू लागले. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं गोल येत होतं. मी, नरहरी चुरी, निवृत्त शिक्षक, राहणार माहीम, लिहून देतो की. या जागी मुळात एकच उभा दगड होता. दुसरा आहे असे मी न पाहता लिहिले आणि पुढे चौकशीला आलेल्या माणसाला खोटे सांगितले. त्यामुळे दगड हरवल्याचा आळ येथील जिवल्या यांच्यावर आला आणि तो टाळण्यासाठी त्यांना सन १९७३ मध्ये दुसरा दगड आणून उभा करावा लागला. यात जिवल्या, त्यांचे कुटुंब वा पाड्यातील कोणाचाही दोष नाही. दोष सर्वस्वी माझा आहे. कोणाला काही विचारायचे असल्यास त्याने मला विचारावे.

खाली त्यांनी पूर्ण पत्ता घातला, तारीख घातली, सही केली. तसंच दुसऱ्या पानावर पुन्हा लिहून काढलं आणि ते बाईंना दिलं. बाईंनी वाचलं, साक्षीदार म्हणून दोन्हींवर सही केली आणि आपली प्रत वहीत ठेवली. "पुस्तकात हे असंच छापीन," त्या म्हणाल्या. "दोन्ही दगड राहतील. कुणी उभा केला, का केला, सगळं." आवाजात जिव्हाळा नव्हता, पण शब्द पाळणारी बाई वाटत होती.

पहिली प्रत गुरुजींनी ठमीला मोठ्यानं वाचून दाखवली. ती उकिडवी बसून, डोकं कललेलं ठेवून ऐकत होती. कठीण शब्द आला की गुरुजी थांबून सोपा करून सांगत होते, अडतीस वर्षं केलं तसं. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

"हा जपून ठेवा. कुणी आला की दाखवा. त्याला म्हणावं, माहीमला जा."

ठमीनं घडी उलगडली. ओळींवरून बोट फिरवलं, वरून खाली, सहीपर्यंत. मग तिनं कागद परत पुढे केला.

"पायाचा लिवला?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. नव्हतं लिहिलं. जिवल्याचं नाव लिहिलं होतं, साल लिहिलं होतं, दोष कुणाचा ते लिहिलं होतं. पाय राहून गेला होता.

त्यांनी कागद घेतला. बाई निघायच्या तयारीनं पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या, परतीच्या एसटीला फार वेळ नव्हता. गुरुजी पुन्हा खाली बसले. सहीच्या खाली दोन बोटं जागा उरली होती. तेवढ्यात बसेल अशा बारीक अक्षरात त्यांनी पायाचं लिहिलं, कोणता पाय ते ठमीला विचारून. उजवा, ती म्हणाली.